कळकलेलं तळं

टण्ण!

माळ्यावरून तांब्या निसटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि फरशीवरून गरगरत माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. दुपारचे अडीच. सगळं घर निजलेलं. थोपटून, दोन गोष्टी सांगून, तीनदा पाणी पाजून पाच वर्षांच्या राहीचा आत्ताच कुठे डोळा लागला होता, आणि त्या चोरलेल्या वेळात मी स्वयंपाकघरात खाली बसकण मारून मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाला भोक पाडत होते. हातानं फिरवायचं ड्रिल तसंच हवेत धरून मी आतल्या खोलीकडे कान दिला. कूस बदलल्याची सळसळ. बस्स, तेवढंच. देव पावला.

"सगुणाबाई, हळू की हो!"

"हातातनं निसटला वो, वैनी." शिडीवर उभ्या सगुणाबाईंनी जीभ चावली. "माईंनी समदं खाली काढाया सांगितल्यात. सात हायती. लग्नाच्या आहेरातलं. एवढी वर्सं कुनी हात लावला न्हाई, आन् आज आठवन झाली."

"तांब्याचे तांबे कशाला हवेत आता?"

"तुमच्या दिव्यास्नी म्हनत व्हत्या."

सांगलीतल्या आमच्या बंगल्यामागे आबांचं तळं होतं. आबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, निनादचे आजोबा. चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर स्वतः खणून, दगड रचून त्यांनी ते केलं होतं. दोन पलंग शेजारी मांडावेत एवढं, गुडघाभर खोल. त्यात अकरा केशरी मासे. आबांना आता ऐकू येत नव्हतं, एकट्याने चालवत नव्हतं. पण रोज सकाळी सगुणाबाई त्यांना धरून काठावर नेऊन बसवायच्या आणि ते माशांना कणकेच्या बारीक गोळ्या घालायचे. सगुणाबाई नऊ वर्षं आमच्याकडे होत्या. आबांची अंघोळ, जेवण, उठबस सगळं त्याच बघायच्या आणि मागच्या खोलीत राहायच्या. दुसरं घर त्यांना नव्हतं. नवऱ्यानं टाकलेलं, भावानं दार लावलेलं.

येत्या शनिवारी आबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्याऐंशीवं लागलं, हजार पौर्णिमांचे चंद्र बघून झाले, म्हणून करतात तो सोहळा. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांच्या मनात आलं की संध्याकाळी तळ्यातही चंद्र दिसले पाहिजेत. मांडववाल्यानं हात वर केले. पाण्याखालचे दिवे त्याच्याकडे नव्हते. मी पोळी लाटता लाटता म्हणून गेले, "मी करते."

मला यायचं ते. राही व्हायच्या आधी मिरजेच्या एका कारखान्यात मी विजेचे पॅनेल जोडायचे. डिप्लोमाचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली होतं. पाच वर्षं मी फक्त मिक्सरचा फ्यूज बदलला होता.

"कर बाई," माई म्हणाल्या होत्या. "कार्य देखणं होऊ दे, मग राहीला मी सांभाळते. तुला मोकळं करते. कर मग तुझी नोकरी."

मोकळं करते. तो शब्द मी दोन दिवस खडीसाखरेसारखा तोंडात धरून ठेवला होता.

पद्धत सोपी होती. बरणीच्या तळाला वजनाला वाळू, वर छोट्या दिव्यांची पट्टी गुंडाळून, झाकणातून वायर बाहेर, भोकाभोवती सिलिकॉन. आत टिपकागदाचा तुकडा टाकायचा आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचं. सकाळी कागद ओला दिसला तर ती बरणी बाद. वीज बारा व्होल्टची. खिडकीशी अ‍ॅडॉप्टर, तळ्यात येईल ती माणसाला मुंगी चावल्याइतकीही लागणार नाही. हे मी घरात प्रत्येकाला सांगितलं होतं, न विचारता. सांगताना माझा आवाज मलाच वेगळा वाटायचा. बरा वाटायचा.

"अगं, हे काय?" माई झोपेतून उठून आल्या आणि दारातच थबकल्या. "मुरंब्याच्या बरण्या घालणार तळ्यात? देवाच्या कार्याला?"

"पाण्यात दिसणार नाहीत माई. फक्त उजेड दिसेल."

"दिसेल न दिसेल. काचेला काय पावित्र्य! हे घे." त्यांनी पायाशी पडलेला तांब्या उचलला, पदरानं पुसला. "तांब्यानं पाणी शुद्ध होतं. आबा चाळीस वर्षं सकाळी तांब्यातलं पाणी पितात, म्हणून तर हजार चंद्र बघितले. माशांनाही बरं. आणि आतून उजेड बघ कसा पडेल, सोन्यासारखा."

सगुणाबाई शिडी उतरत होत्या. मधल्या पायरीवर थांबल्या.

"माई, पर ह्ये काळं पडल्यालं हाय. चिंचमिठानं घासावं लागंल."

"मग घास."

"घासते वो. पर चिंचंनं घासल्यालं तांबं दोन-दोन दिस पान्यात बुडवून ठेवायचं? पितळंत ताक कळकतं तसं पानी कळकलं तर? मासं हायत त्यात."

माई हसल्या. माईंचं हसणं फार गोड होतं. "ऐक गं अनघा, सगुणा आता सायन्स शिकवणार आपल्याला. ताक आंबट असतं बाई, म्हणून कळकतं. तळ्यात कुणी ताक ओतलंय का?"

मीही हसले. सगुणाबाईंकडे बघून नाही, माईंकडे बघून. आणि खरं सांगायचं तर मला तो तांब्या आवडला होता. पोटात दिवा ठेवून तोंडावर काच बसवली तर उजेड तांबूस होऊन वर येईल, पाण्यात गोल थरथरेल. चंद्रच.

बरण्या बाजूला पडल्या. प्रत्येक तांब्याच्या मानेखाली मी एक भोक पाडलं, तळाला वाळू घातली, वायर ओवली, तोंडावर काचेची चकती बसवली, सगळीकडे सिलिकॉन भरलं. तांबं भोकाच्या कडेला फार धारदार होतं. कानशीनं घासून कड गुळगुळीत करावी लागे, नाहीतर वायरचं साल सोलून निघालं असतं. सहांची कड मी घासली. सातव्याची घासायला घेतली आणि आतून हाक आली, "आईऽऽ, शू."

परत आले तेव्हा राही कडेवर होती. ती म्हणाली, "मीपण चिकटवणार." तिच्या बोटांनी मी सिलिकॉन पसरवलं. आम्ही दोघी हसत होतो. कड तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतून तांबे काढले. सहांच्या काचेतून टिपकागद कोरडा दिसत होता. सातव्याचा एक कोपरा ओला होता, नखाएवढा. मी तो बघितला. मग म्हटलं, एवढंसं काय!

*

गुरुवारी संध्याकाळी दिवे तळ्यात सोडले. बटण दाबलं. पाण्याखाली सात तांबडे गोल उमलले आणि त्यांच्यामधून मासे जायला लागले. राहीनं टाळ्या पिटल्या. तिचा एक लाडका मासा होता, तिनंच त्याचं नाव जिलबी ठेवलं होतं. ती काठावर पालथी पडून ओरडायला लागली, "जिलबी चंद्रावरून गेली! आई, जिलबी चंद्रावरून गेली!"

आबा खुर्चीतून वाकून बघत राहिले. मग सगुणाबाईंचा हात धरून म्हणाले, "रंग चांगला जमलाय." चित्रकलेच्या मास्तरांनी दिलेले मार्क होते ते. माझे डोळे भरून आले.

निनाद म्हणाला, "काय इंजिनिअर! आता घरातला गिझर कधी दुरुस्त करताय?"

"आधी तुझं डोकं दुरुस्त करते."

दिवे बंद करायची कुणाची इच्छा होईना. सुरूच ठेवले. शुक्रवारीही सुरूच.

शनिवारी घर माणसांनी भरलं. एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण झालं. मधेच वाऱ्यानं एक पणती विझली तेव्हा माझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "अगं, विझली!" माईंनी लगेच त्यांचा हात दाबला. "शांत झाली म्हणावं." माईंच्या घरात कधीच काही वाईट होत नसे. दिवा शांत होई, बांगडी वाढे, कुणी जात नसे, येत असे. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. राही तर हे शब्द दुधाबरोबर प्याली होती. बाहुलीचा हात मोडला तरी ती गंभीरपणे सांगायची, "वाढला."

अंधारून आलं तसे पाहुणे बासुंदीच्या वाट्या घेऊन तळ्याकडे वळले. "अय्या!", "वा!", "अहो, इकडून बघा!" कुणीतरी म्हणालं, "मासे बघा कसे वर आलेत! आबांना शुभेच्छा द्यायला आले." सगळे हसले. मासे खरंच वर आले होते. अकराच्या अकरा, पाण्याच्या कडेशी, तोंडं बाहेर काढून. आ करायचे, मिटायचे. आ करायचे, मिटायचे.

"ही आमच्या सूनबाईची करामत," माई सांगत होत्या. माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. सात वर्षांत पहिल्यांदा. "इंजिनिअर आहे ना ती."

कुपवाडला शिंत्रे म्हणून एक गृहस्थ होते, लोकांच्या बागा करून द्यायचे. त्यांनी वाटी खाली ठेवली. "वहिनी, मला असे दिवे करून द्याल? तीन ठिकाणी तळी आहेत माझी. कार्यशाळेत जागा देतो, मदतीला माणूस देतो. मनावर घ्या."

मी माईंकडे बघितलं. माई हसून म्हणाल्या, "घेईल की! आता मोकळीच आहे ती."

तेवढ्यात माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला. सगुणाबाई. हातात उष्ट्या वाट्यांची परात.

"वैनी, मासं वर आल्यात."

"हो, बघितलं."

"तसं न्हवं. त्यास्नी वारा मिळंना झालाय. सकाळधरनं खात न्हाईत, आबांनी टाकल्याल्या गोळ्या तशाच तरंगत्यात. दिवं काढा."

"आत्ता? सगुणाबाई, पाहुणे आहेत."

"मग निदान बटन तरी..."

"उद्या बघते म्हटलं ना!"

आवाज जरा चढला असावा. शिंत्रे दुसरीकडे बघायला लागले. सगुणाबाईंनी परात कमरेवर घेतली आणि गेल्या.

*

"आई, जिलबी उताणी पोहतेय."

राही माझ्या अंथरुणाशी उभी होती. हात ओले, फ्रॉकचा पुढचा भाग ओला. तिच्या अंगाला वास येत होता. मी उठून तिला जवळ घेतलं आणि तो वास माझ्या तोंडात शिरला, गोडसर आणि नासका.

तळ्यावर माशा घोंगावत होत्या. अकरा मासे उताणे तरंगत होते, फिकट पोटं वर. अंगावर जाड, पांढुरका बुळबुळीत थर आलेला, शेंबडासारखा. पाण्यावर तोच थर होता आणि त्यात काल रात्री कुणीतरी टाकलेला कागदी रुमाल अडकला होता. खाली सात चंद्र अजून लागलेले. मी बटण बंद केलं आणि तशीच कुंपणाशी जाऊन ओकले.

जाळी नव्हती. पुऱ्या तळायचा झारा आणला. एकेक मासा झाऱ्यावर घेतला की तो घसरायचा, पुन्हा पाण्यात पडायचा, चप्प आवाज व्हायचा. बोटांना तो बुळबुळीत थर लागायचा आणि निघायचा नाही. मातीत घासली, पानांना पुसली, तरी बोटं एकमेकांना चिकटत होती. बादलीत मासे एकमेकांवर पडत होते. राही मोजत होती. "सात. आठ. ही जिलबी. आई, जिलबी वाढली का?"

मी झारा पुन्हा पाण्यात घातला.

हात धुवायला स्वयंपाकघरात आले तर माई कालच्या उरल्यासुरल्याची आवराआवर करत होत्या. पितळी पातेल्यावरची ताटली त्यांनी उचलली, वास घेतला, तोंड फिरवलं.

"शी! मठ्ठा यात कुणी ठेवला? आतली कल्हई कधीच गेलीय. बघ, कडेला हिरवं चढलंय. कळकलाय. विष झालं असेल त्याचं. ओत, लांब नेऊन ओत."

मी पातेल्यात बघितलं. मठ्ठ्याच्या कडेनं हिरवट निळी रेघ होती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. चिंचेचा आंबटपणा, तांबं, सातव्या तांब्याची न घासलेली कड, ओला कोपरा, तीन दिवस अखंड वाहणारी वीज. बारा व्होल्ट माणसाला मुंगी चावल्याइतकेही लागत नाहीत. तांब्याला लागतात. ते तांबं खात सुटतात आणि पाण्यात सोडतात. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते मी हे. बीकरमधलं निळं पाणी वहीत रंगवलंही होतं.

"माई," मी म्हटलं.

पण माई खिडकीतून बाहेर बघत होत्या. आबा येऊन काठावर बसले होते. सगुणाबाईंनी नेहमीसारखं धरून आणलं होतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आबांच्या हातात कणकेची वाटी होती. त्यांनी एक गोळी टाकली. वाट बघितली. दुसरी टाकली.

"सगुणा!" माई अंगणात गेल्या. मी मागोमाग. "काल सकाळी काठाची फरशी कशानं घासलीस?"

"साबनाच्या पावडरनं. तुमीच म्हनला, पावनं घसरतील."

"आणि पाणी?"

"ते गटारीकडं काढलं की. खराट्यानं. तळ्यात थेंब न्हाई जाऊ दिला."

"थेंब नाही, मग हे काय?" माईंनी बादलीकडे बोट केलं. आवाज चढलेला नव्हता. माईंचा कधीच चढत नसे. "आबांनी लेकरासारखे जपलेले मासे. हजार चंद्रांच्या दुसऱ्या दिवशी."

सगुणाबाईंनी बादलीत बघितलं. तोंडावर पदर धरला. मग माझ्याकडे वळल्या.

"वैनी, सांगा की ओ! मी म्हटलं न्हवतं? तांबं कळकंल म्हटलं, त्या दिवशी. काल सांजच्यालाबी म्हटलं, दिवं काढा म्हनून. म्हटलं का न्हाई?"

निनाद दात घासत दारात येऊन उभा होता. माई माझ्याकडे बघत होत्या. आबांना काही ऐकू येत नव्हतं, पण तेही बघत होते. माझ्या बोटांना अजून तो थर होता. मी बोटं साडीला पुसली.

माझ्या पाठीवर काल ठेवलेला हात मला आठवला. शिंत्र्यांची कार्यशाळा आठवली. मोकळं करते.

"मला नाही आठवत," मी म्हटलं.

सगुणाबाईंनी मान हलवली, जणू भाजीवाल्यानं भाव सांगितला आणि तो परवडणारा नव्हता. त्यांनी आबांच्या हातातून हलकेच वाटी घेतली, त्यांचे हात पुसले, त्यांना धरून आत नेलं आणि त्यांच्या खोलीतून थेट आपल्या खोलीत गेल्या.

*

अकराच्या सुमारास त्या पत्र्याची पेटी घेऊन मागच्या दारानं निघाल्या. रिक्षा निनादनं आणून दिली. राही त्यांच्या पायांना मिठी मारून बसली होती. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"जेवताना सांडू नगंस, बाय."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी दारात उभी होते. मी "या" म्हटलं. आमच्या घरात जाणाऱ्याला "या" म्हणतात. तो शब्द सवयीनंच तोंडातून बाहेर पडला.

निनादला मी न्हाणीघराशी गाठलं. "निनाद, ते मासे साबणानं मेले नाहीत. माझ्या दिव्यांनी मेले."

त्यानं नळ बंद केला. "तुला खात्री आहे?"

"हो."

तो आरशात बघत राहिला. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

मी त्याच्या हातात टॉवेल दिला.

"आता बोलून काय होणार? आईनं चार लोकांत तुझं कौतुक केलंय. तिला काय वाटेल? आणि मासेच होते गं. सगुणाबाईंना कुठेही काम मिळेल." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "तू जेवून घे आधी."

मासेच होते. त्याच्या गालावर साबणाचा फेस राहिला होता. मला तो फेस बघवेना.

जेवायच्या वेळी आबांना भरवायला मी बसले; शेजारी राही जेवत होती. मऊ भात, वरण, तूप. चमचा ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"सगुणा?" ते म्हणाले.

माई त्यांच्या कानाशी वाकल्या. मोठ्यानं, गोड आवाजात म्हणाल्या, "तिला मोकळं केलं, आबा! बरीच वर्षं राबली बिचारी! मोकळं केलं तिला!"

आबांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. आ व्हायचे, मिटायचे. चमचा कलंडला. वरण त्यांच्या छातीवर सांडलं.

"असू दे, सवय होईल," माई म्हणाल्या. "आणि हो, शिंत्र्यांना फोन कर आज. उद्यापासून राही माझ्याकडे. मी शब्द दिलाय तुला." पाठीवर पुन्हा हात ठेवला त्यांनी. उबदार, मऊ हात. तिथली कातडी खरवडून काढावीशी वाटली मला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तळं त्याच उन्हाळ्यात बुजवलं. आबा पुढचा श्रावण बघू शकले नाहीत. सगुणाबाईंचा पत्ता मी दोनदा शोधला. भावाच्या दाराशी जाऊन आले, त्यानं दार उघडलं नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी मी पीत नाही. ते ओठांना लागलं की त्या सकाळचा वास येतो.

पण त्या दुपारी, सगळे झोपल्यावर, मी तळ्यावर गेले होते. दिवे बाहेर काढायचे होते. पदर खोचून मी पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं, पायांना तेलकट लागत होतं, बोटांच्या फटींतून बुळबुळ शिरत होती. सहा तांबे वर आले. काळपट झालेले, पण धड. सातवा हाताला लागला तेव्हा आत पाणी डुचमळलं. भोकाभोवतीचं तांबं खाऊन गेलं होतं, कड कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. तिथून निळा हिरवा लगदा लोंबत होता, मऊ, ओला, माझ्या मनगटावर ओघळणारा. मी तो दगडावर ठेवला आणि तशीच पाण्यात उभी राहिले.

"आई?"

राही झोपेतून उठून अनवाणी आली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण. ती माझ्या शेजारी काठावर उकिडवी बसली. तांब्याकडे बघितलं.

"हे निळं काय लागलंय?"

"हात लावू नकोस, सोन्या. तो कळंक आहे."

"कळंक म्हणजे?"

"तांब्यातून निघतं ते. विष असतं."

"सगुणामावशी म्हणत होती तेच?"

मी मान हलवली.

"म्हणजे ती म्हणाली होती." तिनं एक बोट दुमडलं. "मी ऐकलं होतं. मी झोपले नव्हते तेव्हा, डोळे मिटले होते नुसते."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. ती फक्त हिशोब जुळवत होती, बोटं दुमडत, बालवाडीत शिकवतात तशी.

"मग जिलबी साबणानं नाही वाढली."

"नाही."

"दिव्यांनी?"

"हो."

"दिवे तू केलेस."

"हो, राही. मी केले."

तिनं फ्रॉकचं टोक धरलं, माझं मनगट ओढून घेतलं आणि त्यावरचा हिरवा ओघळ पुसायला लागली. लहानशा, काळजीच्या हातांनी, मी तिचं तोंड पुसते तसं. फ्रॉकवर निळा डाग पसरला. मी तिला थांबवायला हवं होतं. पण तिचा हात सुटू नये असं वाटत होतं, आणि त्याच वेळी माझा हात तिला लागू नये असंही. पुसून झाल्यावर तिनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "मग तुला कधी मोकळं करणार?"